मनोभावांचे इंग्रजी शब्द आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात लकडगंज, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्ती, वसतिगृह, मंगल कार्यालय अशा भारदस्त विषयांवर जेथे ठराव होतात, तेथे चार इंग्रजी शब्दांविषयी बोलण्यासाठी मी उभा राहावे, हे काहींना किरकोळ वाटेल. परंतु मंडळाच्या कार्यालयात वर्षभर जे कागद येतात त्यांतील दोन प्रकारचे कागद आपण डोळ्यांसमोर आणावेत, एवढीच माझी विनंती आहे. पहिला कागद विवाहेच्छू मुलामुलींच्या परिचयाचा. दुसरा नोकरीसाठी अथवा परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याचा, जो तो आपल्या वडीलधाऱ्यांकडे तपासून घेण्यासाठी आणतो. दोन्हींत स्वतःचा स्वभाव सांगण्याची एक जागा असते, आणि दोन्हींत तेच पाचसहा शब्द पुनःपुन्हा भेटतात: ‘सिम्पल’, ‘होमली’, ‘सोबर’, ‘फ्रँक’, ‘फॉरवर्ड’, ‘हार्ड वर्किंग’. शंभर मुलींचा स्वभाव एकाच शब्दात सांगितला जातो. ज्या मुलीला तिच्या आईने वीस वर्षे वाढविले, जिच्या हसण्यारुसण्याच्या शंभर तऱ्हा आजीला पाठ आहेत, ती कागदावर फक्त ‘होमली’ उरते.

आता हा ‘होमली’ शब्दच पाहा. आपण तो गृहकृत्यदक्ष, घरात रमणारी या अर्थाने वापरतो. भारतातील इंग्रजीत तो अर्थ रूढ झाला आहे, हे मान्य. परंतु आपल्या समाजातील कितीतरी स्थळे आज अमेरिकेत आहेत. तेथे एखाद्या स्त्रीला ‘होमली’ म्हणणे म्हणजे ती दिसायला साधारण, किंबहुना कुरूप आहे असे म्हणणे होय. इंग्लंडात हाच शब्द घराला किंवा जेवणाला लावला तर ऊबदार, साधे, आपलेसे असा गोड अर्थ निघतो. म्हणजे नागपूरच्या बापाने कौतुकाने लिहिलेला शब्द तेथे वाढलेल्या मुलाने वाचला, तर छायाचित्र पाहण्याआधीच त्याच्या कपाळावर आठी पडावयाची. ‘सिम्पल’ची कथाही काही निराळी नाही. राहणी ‘सिम्पल’ असणे हा गुण आहे. पण माणसालाच ‘सिम्पल’ म्हटले की तो बुद्धीने थोडा कमी आहे, अशी छटा डोकावते. ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्याला पुढारलेली, सुधारलेली असे म्हणावयाचे असते. इंग्रजीत व्यक्तीच्या संदर्भात तो आगाऊपणाचा वाचक आहे. आणि ‘सोबर’चा पहिला अर्थ न प्यालेला असा आहे. गंभीर, संयमी हा अर्थही त्याला आहेच, पण वराच्या माहितीत तो शब्द एकटा वाचून परक्या माणसाने काय समजावे, हे मी सांगत नाही.

हे शब्द लिहिणारी मंडळी अडाणी नाहीत. पदवीधर आहेत, कित्येक तर अभियंते आणि डॉक्टर आहेत. यंत्राचे, औषधांचे, कायद्याचे इंग्रजी शब्द त्यांना हजारोंनी येतात. त्यांच्यापाशी नसतात ते मनाचे शब्द. याचे कारण असे की, हे शब्द कोणत्याच अभ्यासक्रमात कोणी नीट शिकवीत नाही. ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अँग्री’ एवढी शिदोरी पाचवीत बांधून दिली जाते, आणि त्याच शिदोरीवर माणूस सेवानिवृत्त होतो.

आपण ज्या वस्तीत बसलो आहोत तिचे नावच लाकडावरून पडले आहे. येथील वखारींतून आणि आरामशिनींतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना ही गोष्ट चटकन पटेल. दुकानात येऊन कोणी नुसते ‘लाकूड द्या’ म्हणाला, तर वखारवाला त्याच्या तोंडाकडे पाहत राहील. दाराच्या चौकटीला साग हवा की बीजा? कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा हवा, कारण तो चिवट. कोरीव काम करावयाचे तर हलकी शिवण बरी. सागातही आलापल्लीच्या जंगलाचा साग म्हटला की जाणकार हात फिरवून पाहतो. हा भेद ज्याला कळतो तो धंद्यात टिकतो. आता ‘सॅड’ हा शब्द म्हणजे नुसते ‘लाकूड’ होय. निकाल वाईट लागला म्हणून ‘डिसअपॉइंटेड’, वडील गेले म्हणून ‘ग्रीफ-स्ट्रिकन’, कारण कळत नाही पण संध्याकाळी मन उदास होते म्हणून ‘मेलँकली’, परमुलखात एकटे पडल्याने ‘लोन्ली’, पुढे काही घडेल ही आशाच संपली म्हणून ‘डेस्पॉन्डंट’. या प्रत्येक शब्दाचा रंधा निराळा, गाठ निराळी. जो सर्वांना ‘सॅड’ म्हणतो तो खोटे बोलत नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागतही नाही.

आपली मराठी या बाबतीत दरिद्री आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. एक राग घ्या. रोष, कोप, संताप, चीड, त्रागा, वैताग, तिडीक, रुसवा, फुगवा, धुसफूस. यांपैकी एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. नवरा वैतागतो, सासू धुसफुसते, धाकटी रुसते, आणि मोठा मुलगा त्रागा करतो. एकाच घरात, एकाच संध्याकाळी. इंग्रजीतही असाच मोठा कुटुंबविस्तार आहे. बारीकसारीक गोष्टींनी ‘इरिटेट’ होणे हा वैतागाचा सख्खा भाऊ. ‘इंडिग्नेशन’ म्हणजे अन्याय पाहून येणारी चीड. त्यात न्यायबुद्धी असते, म्हणून तो शब्द मानाचा आहे. ‘रिझेंटमेंट’ म्हणजे मनात धरून ठेवलेला, आतल्या आत मुरत गेलेला राग. त्याला आपण अढी किंवा आकस म्हणतो. ‘रेज’ आणि ‘फ्युरी’ भान हरपलेल्या माणसाचे. ‘सल्क’ हा रुसण्याच्या जवळ येतो, पण पुरता पोचत नाही, आणि तेथेच खरी मौज आहे. रुसणाऱ्याला समजूत काढणारा हवा असतो. रुसवा हा प्रेमावरचा हक्क आहे. जिच्यावर आपला जीव नाही तिच्यापुढे कोणी रुसत नाही. ‘सल्क’ करणारा मात्र नुसता तोंड फुगवून बसलेला असतो. त्यात कौतुकाचा अंश नाही. म्हणून नातीच्या रुसण्याला ‘शी इज सल्किंग’ म्हटले की आजीचे मन मानत नाही, आणि ते बरोबरच आहे.

लाजेच्या बाबतीत तर आपण फार सूक्ष्म आहोत. लाज, शरम, संकोच, ओशाळणे, खजील होणे, बुजणे, आणि या सर्वांच्या वर भीड. इंग्रजीत ‘शाय’, ‘बॅशफुल’, ‘कॉय’, ‘मॉडेस्ट’, ‘रिझर्व्ह्ड’, ‘एम्बॅरस्ड’, ‘अशेम्ड’ असा भरणा आहे. ‘शाय’ हा स्वभाव, ‘एम्बॅरस्ड’ ही घटकाभराची अवस्था, ‘अशेम्ड’ म्हणजे स्वतःच्या कृत्याची बोच. ‘मॉडेस्ट’ माणूस लाजत नाही, तो बढाई मारीत नाही. ‘रिझर्व्ह्ड’ माणसाला बोलता येते, पण तो मोजके बोलतो. आपण या सर्वांना ‘शाय’ म्हणून मोकळे होतो. पण भिडेला काय म्हणणार? कर्ज मागावयाला आलेल्या नातेवाइकाला नाही म्हणवत नाही, हा संकोच नव्हे, भय नव्हे, प्रेमही नव्हे. समोरच्याचे मन मोडू नये आणि आपलेही नाते उणे पडू नये, अशा दुहेरी ओढीत सापडलेल्या मनाची ती स्थिती आहे. त्याला इंग्रजीत एक शब्द मला आजवर भेटला नाही. वाक्यच करावे लागते. जेथे शब्द नाही तेथे वाक्य करावे, हाच खरा भाषांतराचा मार्ग होय. आपली मुले तेथे जो मिळेल तो शब्द चिकटवतात आणि मग समोरच्याचा गैरसमज होतो.

शब्दाच्या मागून व्याकरण येते, आणि येथे तर दोन भाषांची मनेच निराळी आहेत. आपण म्हणतो, ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटते’, ‘मला कंटाळा आला आहे’. भाव बाहेरून पाहुण्यासारखा येतो, आपल्यापाशी बसतो आणि जातो. आपण त्या वाक्याचा कर्ता नसतो. कर्ता तो राग. इंग्रज म्हणतो, ‘आय अ‍ॅम अँग्री’. मी म्हणजेच रागावलेला. आपला मुलगा मनात मराठी वाक्य जुळवून इंग्रजीत नेतो, आणि वाटेत अडखळतो. याच अडखळण्यातून ते प्रसिद्ध वाक्य जन्माला येते: ‘आय अ‍ॅम बोअरिंग’. त्याला म्हणावयाचे असते मला कंटाळा आला. तो म्हणतो मी कंटाळवाणा आहे. नियम सोपा आहे. ज्याच्या मनावर परिणाम झाला त्याच्यासाठी ‘बोअर्ड’, ‘इंटरेस्टेड’, ‘एक्सायटेड’; जो परिणाम घडवितो त्याच्यासाठी ‘बोअरिंग’, ‘इंटरेस्टिंग’, ‘एक्सायटिंग’. व्याख्यान ‘बोअरिंग’, श्रोते ‘बोअर्ड’. आजचे उदाहरण तूर्त दूर ठेवू.

तसेच या शब्दांच्या मागे येणारी अव्यये. माणसावर रागावलो तर ‘अँग्री विथ’, गोष्टीवर रागावलो तर ‘अँग्री अ‍ॅट’ किंवा ‘अँग्री अबाउट’. अभिमान, लाज, भीती, मत्सर यांच्यापुढे ‘ऑफ’. उदासीन असेल तर ‘इनडिफरंट टू’. शब्द शिकताना तो अव्ययासकट शिकावा, जसा पाहुणा कुटुंबासकट बोलवावा.

जोड्यांचे घोटाळे सांगावयास बसलो तर रात्र होईल. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस आणि ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवा. मुलाखतीत आपला दोष विचारला असता ‘मी फार सेन्सिबल आहे’ असे सांगणारे उमेदवार असतात. मंडळींनी हसू दाबले तर त्यांना दोष देता येत नाही. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालकासारखा निर्मळ. ‘कंटेम्प्शुअस’ जो दुसऱ्याला तुच्छ लेखतो, ‘कंटेम्प्टिबल’ जो स्वतःच तुच्छ आहे. ‘क्रेड्युलस’ सहज विश्वास ठेवणारा भोळा, ‘क्रेडिबल’ विश्वास ठेवण्याजोगा. ‘एन्व्ही’ दुसऱ्यापाशी आहे ते आपल्याला हवे म्हणून होणारा हेवा. ‘जेलसी’त मूळचे भय असते, आपले आहे ते दुसऱ्याने नेऊ नये याचे.

आपल्या नागपूरकरांना तर शब्दांच्या या लबाडीची सवय हवी. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. हिंदी आणि मराठी आपल्या ओसरीवर शेजारी बसत आल्या आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. आणि आपण रागाने लाल होतो. जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा दंडनीय अपराध होता, आज ते शौर्य आहे. मूळ एक असूनही अर्थ इतके फिरतात, तर सातासमुद्रापलीकडची भाषा कोशातला एक शब्द दिल्याने कशी उलगडावी? इंग्रजीतही हेच घडले. ‘नाइस’ शब्दाचा जुना अर्थ मूर्ख असा होता. ‘सिली’ म्हणजे एकेकाळी भाग्यवान, पुण्यवंत, आज वेडगळ. ‘कनिंग’ म्हणजे पूर्वी जाणता, आज धूर्त. शब्दांनाही चांगले आणि वाईट दिवस येतात.

हे काम नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर असे. दोन भाषा शेजारीशेजारी वाचून एकीच्या आधाराने दुसरी शिकण्याची ती किती सुरेख सोय होती! त्याच्या आदल्याच वर्षी, १८३१ साली, मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. कंपनीच्या लष्करातील हा अधिकारी कँडीबंधू आणि मराठी पंडित यांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे मराठी शब्द वेचीत बसला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली, आणि इंग्रजीतून मराठीत जाणारा कोश त्याआधी, १८४७ साली निघाला होता. मराठी माणसाने मोल्सवर्थ अवश्य चाळावा. आपण विसरलेले रुसवेफुगवे, बोलीतील टोमणे आणि लाडाचे शब्द एका परक्या माणसाने किती आस्थेने टिपून ठेवले आहेत, हे पाहून जीव सुखावतो आणि थोडा ओशाळतोही.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ साली आले. त्यांनी येथे इंग्रजी शाळा काढली, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली सुरू झाले. गोंडांच्या कथा आणि शब्द त्यांनी जमविले होते; १८६३ साली टाकळघाटजवळ त्यांचा बुडून मृत्यू झाल्यावर तीन वर्षांनी रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले. दुसऱ्याची भाषा शिकावयाची तर त्याच्या घरची गाणी आणि गोष्टी ऐकाव्या लागतात, हे त्यांना उमगले होते. १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले, १९२३ साली विद्यापीठ झाले, आणि सीताबर्डीच्या आसपास इंग्रजी शिकलेल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली. त्या इंग्रजीची पुढे थट्टा झाली, पण तीत वाक्य पक्के होई, हे विसरून चालणार नाही. उणीव एवढीच होती की, ते इंग्रजी कचेरीचे होते. साहेबाला अर्ज लिहिण्यापुरते विनयाचे सर्व प्रकार त्यात होते. ‘मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ लिहिताना कोणाचाही हात अडत नसे. स्वतःच्या मनाविषयी लिहिण्याचा प्रसंगच येत नसे. ती उणीव आपण वारसाहक्काने घेतली. आणि आज प्रसंग येतो: मुलाखतीत, परदेशच्या विद्यापीठाला लिहावयाच्या निबंधात, रुग्णालयात, आणि साता समुद्रांपलीकडच्या सुनेशी बोलताना.

मन मोजण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव सांगितले, बेरीज एकोणपन्नास. त्यांत ‘अमर्ष’ आहे, म्हणजे अपमानाने पेटलेला, प्रतिकार मागणारा क्षोभ. ‘इंडिग्नेशन’ला याहून जवळचा प्रतिशब्द मला ठाऊक नाही. त्यांत ‘अवहित्थ’ आहे, म्हणजे मनातील भाव लपविण्यासाठी दुसरेच काही करण्याचा बहाणा. मुलगी पाहावयाला आलेले पाहुणे समोर बसले असता पदराशी चाळा करणारी मुलगी आठवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सर्व मानवजातीच्या चेहऱ्यांवर सारखे उमटणारे सहा मूळ भाव मांडले: क्रोध, भय, शोक, किळस, विस्मय आणि आनंद. भरतांच्या स्थायी भावांशी हे सहज ताडून पाहता येतात. भरतांनी मात्र उत्साहालाही भाव मानले आणि रतीलाही. माझे मत विचाराल तर तेच अधिक पूर्ण आहे.

आता शिकण्याची रीत. वर्णानुक्रमे यादी पाठ करू नये. ती सात दिवस टिकते आणि आठव्या दिवशी घाम पुसल्यासारखी निघून जाते. शब्द कुळाकुळाने शिकावेत. आपल्या समाजाला कुळे सांगण्याचा सराव आहेच. ‘पॅथॉस’ हे ग्रीक कुळ घ्या, अर्थ भावना, वेदना. त्यातून ‘सिम्पथी’ म्हणजे सहानुभूती, ‘अ‍ॅन्टिपथी’ म्हणजे तिटकारा, ‘अ‍ॅपथी’ म्हणजे भावशून्यता. ‘एम्पथी’ हा शब्द मात्र तरुण आहे. जर्मन शब्दावरून टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तो १९०९ साली इंग्रजीत घडविला. ‘अ‍ॅनिमस’ हे लॅटिन कुळ, अर्थ चित्त. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे ज्याचे चित्त मोठे तो. आपण मालवीयजींना ‘महामना’ म्हणत होतो, तोच हा शब्द. ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता. ‘युनॅनिमस’ म्हणजे एकचित्त, जसे आपले ठराव कागदोपत्री असतात.

आणखी एक कुळ तर आपल्या पंचांगात बसते. रोमन देवतांच्या नावांवरून पडलेल्या ग्रहांच्या नावांनी इंग्रजीने स्वभाव सांगितले आहेत. ‘जोव्हियल’ म्हणजे आनंदी, दिलखुलास. हा गुरूचा प्रभाव. ‘सॅटर्नाइन’ म्हणजे उदास, मंद, गंभीर, हा शनीचा. ‘मर्क्युरिअल’ म्हणजे चपळ आणि घडीघडी पालटणारा, हा बुध. ‘मार्शल’ म्हणजे युद्धाचा, मंगळाचा. आणि ‘ल्युनॅटिक’ चंद्रावरून. पत्रिका पाहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे शब्द एकदा सांगितले की आयुष्यात विसरणार नाहीत. तसेच युरोपच्या जुन्या वैद्यकात चार रस मानीत: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. ‘सँग्विन’ रक्ताचा, आशावादी. ‘फ्लेग्मॅटिक’ कफाचा, थंड. ‘कॉलेरिक’ पिवळ्या पित्ताचा, तापट. ‘मेलँकली’ काळ्या पित्ताचा, खिन्न. आपलेही पित्त खवळतेच. ज्या आजीला वात, पित्त, कफ कळतात तिला हे चार शब्द परके नाहीत.

एका शब्दाची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांना जोडून. घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांना होणारा तो रोग, असे त्याने मानले होते. आज त्याचा अर्थ गतकाळाची हुरहूर असा झाला आहे. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत, त्या आयांना या रोगाची लक्षणे कोणी शिकवावी लागत नाहीत.

दुसरी रीत अशी की, एका कृत्याला लागणाऱ्या निंदेच्या आणि स्तुतीच्या शब्दांची उतरंड लावावी. बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या नभोवाणीवर याचे गमतीदार रूप दाखविले होते: एकच गुण स्वतःविषयी बोलताना एका शब्दाने, समोरच्याविषयी दुसऱ्याने आणि गैरहजर माणसाविषयी तिसऱ्याने सांगावयाचा. आपल्याकडे तसेच. मी काटकसरी, तुम्ही चिक्कट, तो कवडीचुंबक. इंग्रजीत ‘थ्रिफ्टी’, ‘स्टिंजी’, ‘मायझर्ली’. मी निश्चयी, तुम्ही हट्टी, तो आडमुठा. ‘फर्म’, ‘ऑब्स्टिनेट’, ‘पिगहेडेड’. मंडळाच्या निवडणुकीच्या दिवसांत या अभ्यासाला भरपूर सामग्री मिळते. विद्यार्थ्याने अशी एकेक उतरंड वहीत लिहावी, प्रत्येक पायरीवर घरातील किंवा शाळेतील एक प्रसंग लिहावा, आणि आठवड्याला पाचसहा शब्दांहून अधिक घेऊ नयेत.

आता जे मला सर्वांत अधिक बोचते ते सांगतो. आपल्या भाषेत भावनेचे शब्द बाहेरून पूर्वीही आले. हौस, उमेद, हिंमत, शरम, नाराजी, दिलगिरी हे फारसी-अरबी मुलखातून आले. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण हौस आणि उमेद मराठी मनातून कोणी हलविली नाही. ते शब्द आले आणि त्यांनी घरात भर घातली. आजचे ‘टेन्शन’ मात्र घर रिकामे करीत आहे. परीक्षेची धाकधूक, मुलीच्या लग्नाची काळजी, हप्त्याची विवंचना, उशीर झाल्याची घालमेल, एकट्याने रात्री वाटणारी धास्ती, या सर्वांची जागा एका ‘टेन्शन’ने घेतली. कंटाळा, विरस, उबग गेले आणि ‘बोअर’ आले. म्हणजे इंग्रजीतूनही आपण नुसते ‘लाकूड’च उचलले, साग तेथेच राहिला.

राज्यात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकविले जाऊ लागले, आणि आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी तर मुलांना इंग्रजी माध्यमातच घातले. त्याला माझा विरोध नाही. पोटाचा प्रश्न आहे. चाळीस वर्षे मीही इंग्रजी शिकवूनच पोट भरले. परंतु अशा घरांत मी वारंवार पाहतो की, मुलाचे मराठी स्वयंपाकघरापुरते उरते आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरते. आजोबा अंथरुणाला खिळले असता नातू उशाशी येतो, त्याच्या पोटात कालवते, पण ते ‘कालवणे’ त्याला मराठीत ठाऊक नसते आणि इंग्रजीत ‘आय अ‍ॅम फीलिंग बॅड’च्या पुढे जात नाही. तो तसाच उभा राहतो आणि खिशातील यंत्र काढतो. मग वडील म्हणतात, मुलाला काही वाटतच नाही. त्याला वाटते. शब्द नसल्याने ते बाहेर येत नाही, आणि जे बाहेर येत नाही ते पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा नेम नसतो. मनाच्या विकारांवर उपचार करणाऱ्या वैद्यांपुढे तरुण मुले बसतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की नेमके काय होते आहे? भीती, अपराधीपणा, हताशपणा की एकटेपणा? उत्तर देण्यासाठी शब्द लागतात, मग ते कोणत्याही भाषेतले असोत.

म्हणून मी इंग्रजी शब्दांचा अभ्यास मराठीच्या हातात हात घालून करावा म्हणतो. प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर आजीचा शब्द लिहावा. ‘एक्झास्परेटेड’ समोर ‘मेटाकुटीस आलेला’, ‘स्मग’ समोर ‘आपल्यातच खूष’, ‘सुपरसिलिअस’ समोर ‘नाक मुरडणारा’. हा शेवटचा शब्द लॅटिनमधील भुवईवरून आला आहे. तेथे भुवई उंचावते, येथे नाक मुरडते, तऱ्हा तीच. ज्या मराठी शब्दाला इंग्रजीत जोड नाही तेथे जागा कोरी न सोडता दोन ओळींचे वाक्य लिहावे. भीड, लळा, माया, जिव्हाळा, रुसवा यांपासून आरंभ करता येईल. हे काम घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीने मिळून करावे. मधल्या पिढीला तसा वेळ नसतोच.

मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी दीड तास अशी बैठक घेण्यास कार्यकारिणीने संमती दिली आहे. एक मोल्सवर्थ आणि एक चांगला इंग्रजी-मराठी कोश यांची खरेदी झाली की ती सुरू होईल. मुलांनी वही आणावी, आजीआजोबांनी आपली जीभ आणावी. शुल्क काही नाही.

परिचयपत्रिकेच्या छापील नमुन्याबाबत माझी सूचना अशी. ‘स्वभाव’ या शब्दापुढील अर्ध्या ओळीची जागा काढून टाकावी आणि तीन ओळी द्याव्यात. तेथे विशेषण न लिहिता एक प्रसंग लिहावा, प्रथम मराठीत आणि नंतर इंग्रजीत. मुलगी ‘होमली’ आहे असे न लिहिता ‘आजारी आजीचे औषधपाणी दोन वर्षे तिने सांभाळले, अनोळखी माणसांत मोजके बोलते, घरात सर्वांना हसविते’ असे लिहावे. मुलगा ‘सोबर’ आहे असे न लिहिता, ‘वडिलांच्या मागे वखारीचे कर्ज फेडले, चटकन रागावत नाही, पण हिशेबातील लबाडी खपवून घेत नाही’ असे लिहावे. हे दोन्ही नमुने मी इंग्रजी भाषांतरासह कार्यवाहांकडे दिले आहेत. पुढील वर्षाचे अर्ज छापावयास जाण्यापूर्वी ज्यांना त्यांत दुरुस्ती सुचवावयाची असेल, त्यांनी ती कार्यालयात लेखी द्यावी.